डाळ शिजायचं पाणी

आमच्याकडे 'डाळ केली' असं कुणी म्हणत नसे. डाळ असायची ती गाडग्यात. चुलीवर चढली की तिची आमटी व्हायची. वरण ही वेगळी गोष्ट. वरण म्हणजे घट्ट, बिनतिखटाचं, वर तुपाची धार असलेलं, आणि ते भाताबरोबर. भात सणाला, लग्नाला, नाहीतर दुखण्यातून उठलेल्या माणसाला. रोजची आमटी ज्वारीच्या भाकरीवर ओतायची, काला मोडायचा आणि भुरके मारत खायची. ती किती पातळ असावी याचं प्रत्येक घराचं माप वेगळं होतं आणि ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. "त्यांच्या आमटीत तोंड दिसतंय" एवढं म्हटलं की त्या घराची हालहवाल कळायची.

माझं गाव लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबादच्या मधल्या टापूतलं, काळ्या जमिनीचं. जन्म 1962 चा. निजामाचं राज्य जाऊन चौदा वर्षं झाली होती, पण म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात वर्षं अजून फसलीच होती.

तूर आमच्याकडे एकटी कधी पेरत नसत. मृग पडला की तिफण जुंपायची. तीन नळ्यांतून ज्वारी जायची आणि मागं दोरीला बांधलेल्या सरत्यातून एखादी बाई तूर सोडत चालायची. ज्वारीच्या इतक्या ओळींमागं तुरीची एक, असा बेत. ज्वारी निघून जायची, तूर मागं राहायची. पुस-माघात शेंगा वाळायच्या, तोवर सहा-सात महिने ती जमीन धरून उभी. हिरव्या शेंगा मीठ घालून उकडायच्या, वाळल्या की झाडं कापून बडवायची. तुराट्यांचा कूड व्हायचा, कुडावर शेणामातीचा गिलावा, उरलेल्या तुराट्या चुलीत. म्हणजे डाळही तुरीची, तिच्याखालचा जाळही तुरीचा आणि चुलीला आडोसा देणारी भिंतही तुरीचीच.

हे पीक या मातीत फार जुनं. विदर्भात तुळजापूर गढीच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या थरांत तुरीचे दाणे मिळाले आहेत. आमच्या गावापासून फार लांब नसलेल्या कल्याणीला, आजच्या बसवकल्याणला, चालुक्यांची राजधानी होती. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहून ठेवला. त्यात राजाच्या जेवणाचं एक प्रकरण आहे आणि कडधान्यं भरडून, हिंग-हळद घालून शिजवल्याचं वर्णन त्यात येतं. मिरची नाही, कारण मिरची पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आली ती त्यानंतर चारशे वर्षांनी. आज काळ्या तिखटावाचून आमटी म्हटलं तर आमच्या भागातला माणूस ताट सरकवील. पण तिखट हे पाहुणंच. घरचं म्हणाल तर डाळ, हळद, मीठ आणि पाणी. हिंगसुद्धा काबूल-इराणकडचा.

पाण्याचं पुढं सांगते. आधी डाळीचं.

डाळ विकत आणणं ही माझ्या लहानपणी लाजेची गोष्ट होती. ती घरी करायची. शिमग्याच्या आधी-नंतर, ऊन तापू लागलं की आजी तूर पाखडून घंगाळात भिजत घालायची. सकाळी उपसून तांबडी माती चोळायची, ढीग करून पोत्यानं झाकायचा, मग दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवण. वाळून दाण्याचं साल सुटं झालं की जातं. भरडायच्या जात्याचा वरचा दगड किंचित उचलून धरावा लागतो, नाहीतर डाळीचं पीठ होतं. त्यासाठी खुंट्याला चिंधीची चुंबळ घालायची. चुंबळ किती जाड करायची हे बोटांना कळायचं, सांगता यायचं नाही. भरडलं की पुन्हा सुपात पाखडायचं. अख्खी डाळ एका बाजूला, न फुटलेले दाणे दुसऱ्या बाजूला, ते परत जात्यात. मोडके तुकडे म्हणजे कळणा, आणि सालाची चुणी जनावरांना. तयार डाळीला एरंडेलाचा हात लावून ती रांजणात भरायची, म्हणजे कीड लागत नाही.

हे सगळं एकट्या आजीच्यानं होणारं नव्हतं. आईच्या अंगावर पाच लेकरं आणि शेतातलं काम. म्हणून गावातली एक विधवा बाई भरडायला यायची. दिवसभर जातं ओढायची आणि संध्याकाळी पदरात कळणा घेऊन जायची. तीच मजुरी. डाळ आमची, तुकडे तिचे. तिच्या घरी वर्षभर कळण्याचीच आमटी व्हायची. कळणा लवकर शिजतो, पण त्याला दाणा नसतो, सगळं पिठूळ होतं. एकदा आजीनं तिला अधोलीभर अख्खी डाळ दिली, तिच्या पोरीला बघायला पाहुणे यायचे होते म्हणून. ती पायरीवर बसून ते माप पदरात बांधताना मी पाहिलं आहे. रोज त्याच डाळीत हात घालणारी बाई, पण त्या दिवशी ती दाणे खाली सांडू नयेत म्हणून दोन गाठी मारत होती.

आता पाणी.

गावात पाण्याच्या जागा तीन. मधोमध एक आड, त्याचं पाणी वापरायला. ओढ्याकाठची विहीर, तिला गोड्या पाण्याची विहीर म्हणत; प्यायला आणि डाळ शिजवायला तिथूनच पाणी आणायचं. अंतर अर्ध्या मैलाचं, पण बाया म्हणायच्या, आडाच्या पाण्यात डाळ शिजत नाही. ते खरंच होतं. जड पाण्यातला चुना डाळीच्या दाण्याला धरतो आणि दाणा मऊ होऊ देत नाही. पुस्तकातलं हे कारण मला फार उशिरा कळलं; आजीला पुस्तकाची गरज पडली नाही. नवी सून आली की सासू तिला पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी दाखवायची, देव्हारा आणि डाळीच्या पाण्याची वाट.

तिसरी जागा गावाच्या पूर्वेला, तेव्हा जिला महारवाडा म्हणत त्या वस्तीतला आड. त्याचं पाणी खारट आणि जड. साबणाला फेस यायचा नाही. गोड्या विहिरीवर त्या वस्तीतल्या बायांना दोर सोडता येत नव्हता. त्या लांब घागरी ठेवून बसायच्या, वरच्या आळीतली कुणी मनात आलं तर वरून पाणी ओतायची. आईही ओतायची, हात दोनेक उंचावरून, शिंतोडा उडू नये असं. कायदा 1955 सालीच झाला होता. महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं त्याला 1972 साली पंचेचाळीस वर्षं झाली होती. पण ओढ्याकाठच्या विहिरीला महाडची बातमी लागायची होती.

मिनतवारीनं मिळालेलं घागरभर पाणी पिण्यातच संपायचं. डाळ त्या खारट पाण्यातच शिजवायला लागायची. आणि आमच्या आळीत बाया खुशाल म्हणायच्या, "त्यांना काय आमटी जमती? डाळ कच्चीच ठेवत्यात." हे यांना ठाऊक कसं, असा प्रश्न मला फार पुढं पडला, कारण त्यांच्याकडे जेवलेलं आमच्यात कुणीच नव्हतं. रानात दुपारी भाकरी सोडताना दोन्हीकडच्या बाया अंतर ठेवून बसायच्या. त्या अंतरावरून जे दिसायचं त्यावर हे मत बनलेलं.

बहात्तरचा दुष्काळ मी दहा वर्षांची असताना पाहिला. त्याच्या आधीचं सालही कोरडंच होतं. ज्वारी उगवून करपली आणि तूर फुलावर येण्याआधीच वाळली. रांजणातली डाळ दिवाळीला संपली. पाझर तलावाच्या कामावर आई-बाप जायचे, माती वाहायचे. तिथं सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेची लाल मिलो आली, तिची भाकरी थापताना फुटायची आणि खाताना घशात अडायची. तिच्याबरोबर खायला डाळीवाचूनची आमटी. आमच्या भागात येसर म्हणून एक प्रकार असतो. ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ असं भाजून मसाल्याबरोबर दळून ठेवायचं आणि लग्नकार्यात पाण्यात कालवून त्याची आमटी करायची. त्या साली लग्नाची ही आमटी रोजची झाली, फक्त येसरातलं धान्य कमी-कमी होत गेलं. शेवटी शेवटी ते तिखटमिठाचं उकळतं पाणीच होतं. भाजी म्हणून बांधावरचा तरवटा. कळणा न्यायला येणारी बाई त्या वर्षी आलीच नाही. भरडायला काही नव्हतं. ती पोरीला घेऊन पुण्याकडे गेली असं ऐकलं. ती परत आली नाही.

ओढ्याकाठची विहीर मार्गशीर्षात तळाला गेली. मग गावात बोअर घेणारी गाडी आली. आख्खं गाव बघायला जमलं होतं. खडक फोडून धुरळा वर येत होता आणि मग चिखल आणि मग पाणी. त्यावर लोखंडी हापसा बसला. आमच्याच मराठवाड्यातल्या जालन्याच्या मिशनमध्ये आणि शेजारच्या सोलापुरात या हापशांचे प्रयोग झाले होते, आणि त्यातूनच पुढं देशभर गेलेला 'इंडिया मार्क टू' घडला. आम्हाला त्याचं काय? आम्हाला एवढंच दिसत होतं की पाणी लागलं ते शाळेजवळ, गाव आणि पूर्वेची वस्ती यांच्या बरोबर मधे. बोअरवाल्यांनी जिथं पाणी लागलं तिथं खोदलं, आळी बघून नाही. त्याच सुमाराला डॉ. बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' म्हणत महाराष्ट्रभर गावोगाव फिरत होते. ते आमच्या गावी आले नाहीत. आमच्याकडे ते काम निम्मं खडकानं केलं.

निम्मंच. पहिले काही महिने हापशावर दोन रांगा होत्या. वरच्या आळीतल्या बाया चिंचेनं तोटी घासून मग घागर लावायच्या. पण हापशाचा दांडा जड. एकीनं दांडा मारायचा आणि दुसरीनं घागर धरायची, असं केलं तरच काम लवकर उरकतं. उन्हाळ्यात पहाटे तीनला उठून आलेल्या बाईला, समोर दांड्यावर कोणाचा हात आहे हे बघायचं त्राण राहत नाही. कुणी ठराव केला नाही, दवंडी पिटली नाही. रांगा कधी एक झाल्या ते नेमकं कुणाला सांगता येणार नाही.

पुढच्या साली पाऊस झाला. तूर आली. आजीनं हौसेनं डाळ केली, आईनं पहिली आमटी टाकली आणि ती शिजेना. ओढ्याकाठची विहीर गाळानं भरली होती, पाणी हापशाचं. तास गेला, दीड तास गेला, तुराट्यांचा भारा संपला. पाणी वर, डाळ खाली, आणि दाणा बोटात चेपला तर मधे पांढरी कणी. दुसऱ्या दिवशी तेच, आणि सगळ्या आळीत तेच. दोन वर्षांनी डाळ डोळ्यांनी दिसली आणि ती दातांखाली कचकचत होती. बाबा ताटावरून काही न बोलता उठले. ते बोलले असते तर बरं, असं आई नंतर म्हणायची.

आईनं हापशावर पूर्वेच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईला विचारलं. मी घागर धरून बाजूलाच होते.

"मावशे, तुमी डाळ कशी शिजवता ह्या पान्यात?"

म्हातारीनं दांडा मारायचा थांबवला. "आमाला काय इच्यारता, बाई," ती म्हणाली. "आमची डाळ तर कच्चीच ऱ्हाती म्हनं."

आईला उत्तर देता आलं नाही. रांगेतलं कुणीच बोललं नाही. म्हातारीनं पुन्हा चार-सहा दांडे मारले, आमची घागर भरत आली, आणि मग तिनंच सांगायला सुरुवात केली. पाणी आधी एकटंच खळखळ उकळायचं आणि निवू द्यायचं. भांड्याच्या बुडाला पांढरी खर बसती, ती बसू द्यायची, वरचं निवळ तेवढं ओतून घ्यायचं. डाळ सांजेलाच भिजत घालायची. चुलीतली राख पाण्यात कालवून ठेवायची आणि तिची निवळी चमचाभर डाळीत टाकायची, जास्ती नाही, जास्ती झाली तर डाळ साबणावानी लागती. हळद आणि तेलाचा थेंब सुरुवातीला. मीठ आणि चिंच मात्र डाळ पार गळाल्यावर. "चिच आदी घातली का दाना वळला समजा," ती म्हणाली.

यातलं एकेक खरं आहे. उकळल्यानं पाण्यातला बराच चुना खाली बसतो, राखेतला खार दाण्याला मऊ करतो, आंबटानं तो टणक राहतो. पिढ्यान्‌पिढ्या वाईट पाणी वाट्याला आलेल्या बायांनी हे सारं करून पाहून शोधलं होतं. आमच्या गावातली खरी शिकलेली चूल ती होती. चांगल्या पाण्यावरच्या बायांना ते शिकायची वेळच आली नव्हती. महिनाभरात सगळ्या आळीत राखेच्या निवळीची गाडगी दिसायला लागली आणि वर्षभरात ती रीत आपलीच असल्यासारखं बोलणंही सुरू झालं.

रीत उंबऱ्यातून आत आली, माणसं नाही आली. 1978 साली विधानसभेनं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. आमच्या गावात आग लागली नाही, हे सांगताना लोक अजून छाती काढतात. पण हापशावर महिनाभर पुन्हा दोन रांगा झाल्या होत्या. चिंचेनं तोटी घासणंही पुन्हा दिसलं. त्या दिवसांत म्हातारी पाण्याला यायची तर मान वर करायची नाही. तिच्या रीतीची आमटी तेव्हाही घराघरात रटरटत होती. विद्यापीठाचं नाव बदलायला 1994 उजाडावं लागलं.

मी त्यांच्या घरची आमटी पहिल्यांदा खाल्ली ती 1981 साली. म्हातारीची नात माझ्या वर्गात होती. तिला मास्तरणीची नोकरी लागली, तेव्हा तिनं मला जेवायला बोलावलं. आईला सांगून गेले. आई म्हणाली, "जा." पुढं काही म्हणाली नाही, आणि ती स्वतः कधी गेली नाही. डाळ लोण्यासारखी घोटलेली, वर करडईच्या तेलात ठेचलेल्या लसणाची फोडणी. माझ्या आईच्या आमटीहून ती चांगली होती. हे मी आईला घरी येऊन सांगितलं. ती तवा पुसत राहिली आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, "लसूण किती घातला होता?"

त्यानंतरचं सगळं लवकर झालं. प्रेशर कुकर आला, त्यानं पाण्याशी भांडण जवळपास मिटवलं. लातूर तर डाळमिलांचं गावच. लोक तूर आडतीवर घालून डाळ दुकानातून आणू लागले. जात्यांचे दगड उंबऱ्याशी पायरी म्हणून लागले. गिरणीत 100 किलो तुरीची 70 ते 75 किलो डाळ निघते, घरच्या जात्यावर एवढी कधी निघाली नसती, आणि बायांची ती पाठमोड गेली हे चांगलंच झालं. जात्याच्या ओव्यांबद्दल हळवं होणाऱ्यांनी एकदा आठवडाभर तूर भरडून पाहावी. पण तूर पिकवणाराच डाळीचं गिऱ्हाईक झाला. 2015 साली डाळ किलोला 200 रुपयांवर गेली तेव्हा आमच्या टापूतल्या लोकांकडे डाळ नव्हती, पाणीही नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्यानंतरच्या हंगामात तूर उदंड झाली, हमीभाव 5,050 रुपये क्विंटल, आणि बाजारात तेवढेही मिळेनात. लोक खरेदी केंद्राबाहेर पोत्यांवर झोपून राहिले. त्या दोन सालांत आमटी कुठल्याच साली घट्ट झाली नाही.

आई 2009 साली गेली. गॅस येऊनही तिनं निवळीचं गाडगं सोडलं नव्हतं. घरात राख मिळेना, तेव्हा ती म्हातारीच्या सुनेकडून मागवायची. राखेच्या बदल्यात परसातली कोथिंबीर जायची, कधी लिंबं. गाडगं इकडून तिकडे पोरं नेत-आणत.

आता गावात शुद्ध पाण्याचं यंत्र आहे, 20 लिटरचा जार भरून मिळतो. त्या पाण्यात डाळ तीन शिट्ट्यांत मऊ होते. राख लागत नाही, निवळी लागत नाही. माझी सून मीठ, चिंच, टोमॅटो सगळं एकदम कुकरात टाकते, आणि डाळ शिजतेसुद्धा. मी करते तेव्हा वाटीभर डाळ तासभर भिजवते, हळद आणि तेलाचा थेंब घालून शिजवते, रवीनं घोटते, करडईच्या तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, चिमूटभर हिंग आणि काळं तिखट घालून वरून ओतते, दोन उकळ्या आल्या की मीठ घालते, आणि चिंचेचा कोळ अगदी उतरवताना.